परिषद आणि निरोप



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ‘राष्ट्रीय नवोन्मेष परिषदेची पूर्वतयारी व पत्रव्यवहार’ हा काय व्याख्यानाचा विषय झाला? वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, गडकोटांवर बोलावे, फार तर शेतीवर बोलावे. टपाल कोणी टाकले आणि खुर्च्या कोणी मांडल्या, हे कारकुनी काम व्यासपीठावर कशाला आणायचे? चालकांनीही आम्हांला हेच विचारले होते. त्यांना आम्ही जे उत्तर दिले तेच आपल्याला देतो. भोरमध्ये हा विषय काढायचा नाही, तर मग काढायचा कोठे?

कारण हे गाव पंतसचिवांचे. सचिव म्हणजे कोण, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, पण राजवाड्यावरून रोज जाता-येता त्याचा विसर पडतो. अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे सुरनीस. राजाची पत्रे रवाना होण्यापूर्वी ती तपासावयाची, मजकुरात कमी-अधिक झाले असेल तर दुरुस्त करावयाचे, हे त्याचे काम. लढाई सेनापतीने करावी, न्याय न्यायाधीशाने द्यावा. पण हुकूम ज्या कागदावरून जायचा तो कागद बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस राज्याला निराळा नेमावा लागला, आणि तो थेट प्रधानांच्या पंक्तीत बसवावा लागला. पलीकडे गुंजण मावळात राजगडावर ज्यांनी राज्य उभे केले त्यांना पत्रव्यवहाराची किंमत कळत होती. तेव्हा त्या सचिवांच्या गावात आम्ही निरोपाची गोष्ट काढली, तर विषयांतर झाले असे कोणी मानू नये.

आता ‘नवोन्मेष’ या शब्दाबद्दल. शब्द जड आहे हे आम्हांला मान्य आहे. वर्तमानपत्रवाले ‘इनोव्हेशन’ म्हणतात, हिंदीत ‘जुगाड’ म्हणतात, आणि आपल्या खोऱ्यांत विचाराल तर ‘शक्कल’ म्हणतील. शक्कल हा शब्द आम्हांला सर्वांत अधिक आवडतो, पण ‘राष्ट्रीय शक्कल परिषद’ असे पत्रिकेवर छापले तर मंत्रिमहोदय येणार नाहीत! म्हणून नवोन्मेष. ज्यांनी काही नवी वस्तू, नवे बियाणे, नवी रीत काढली, त्यांना देशभरातून एका ठिकाणी बोलवावे, एकमेकांचे काम दाखवावे, आणि ज्यांच्याजवळ पैसा, प्रयोगशाळा किंवा अधिकार आहे त्यांच्याशी त्यांची गाठ घालून द्यावी, एवढाच या परिषदांचा हेतू असतो. हेतू चांगला आहे. परंतु हेतू आणि मांडव यांच्यामध्ये जे असते, ते म्हणजे पत्रे, तारखा, याद्या, उतरण्याची सोय आणि निरोप. त्याविषयी आज बोलायचे आहे.

या कामाचा उत्तम नमुना आपल्या जवळचाच आहे. तो १८८५ सालचा, आणि पुण्याचा. काँग्रेसची पहिली बैठक मुंबईस भरली हे शाळेतले मूलही सांगेल. पण ती भरायची होती पुण्यास. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एक परिपत्रक निघाले. २५ ते ३१ डिसेंबरपर्यंत पुण्यास परिषद भरेल, असे त्यात लिहिले होते. म्हणजे नऊ महिने आधी. हे परिपत्रक आजही वाचण्यासारखे आहे. त्यात उद्देश थोडक्यात दिले आहेत: देशाच्या प्रगतीसाठी झटणाऱ्या माणसांची एकमेकांशी प्रत्यक्ष ओळख व्हावी, आणि पुढच्या वर्षी काय करायचे ते ठरवावे. प्रत्यक्ष ओळख हा पहिला उद्देश, ठराव नंतर. हा क्रम आम्हांला फार मार्मिक वाटतो. मग लगेच व्यवहार. पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत सभा होईल आणि राहण्याची सोयही तेथेच होईल. पुणे स्टेशनवरून नेण्या-आणण्याची गाडी, राहणे, जेवण यांचा खर्च पुणेकर करतील. ज्याची ऐपत असेल त्याने स्वागतनिधीला वाटेल ती रक्कम द्यावी, आणि शिल्लक उरली तर ती पुढच्या वर्षीच्या निधीचे बीज म्हणून ठेवावी. येणार कोण, याचाही अंदाज दिलेला होता. मुंबई, मद्रास आणि खालचा बंगाल येथून सुमारे वीस-वीस, आणि वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब मिळून त्याच्या निम्मे. बेरीज करा. सत्तर होतात. प्रत्यक्षात प्रतिनिधी किती आले? बहात्तर. टेलिफोन नसताना, नऊ महिने आधी केलेला अंदाज दोनाने चुकला. आजकाल लग्नाच्या पंगतीचासुद्धा अंदाज इतका बरोबर येत नाही.

पण आम्ही ही गोष्ट सांगतो ती या अंदाजासाठी नव्हे. पुण्यातली सारी तयारी झाली होती. सार्वजनिक सभेची मंडळी राबत होती. आणि सभेला थोडेच दिवस उरले असताना गावात पटकीचे काही रुग्ण आढळले. पटकी म्हणजे त्या काळी काय, हे आपल्या पणज्यांना विचारायला हवे होते. देशभरातून पाहुणे बोलवायचे आणि त्यांना साथीत लोटायचे, हे कोणाही यजमानाला शोभले नसते. जागा बदलली. मुंबईच्या मंडळींनी गवालिया तळ्याजवळचे गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेज आणि त्याचे वसतिगृह मिळवले. तेथे २७ तारखेपर्यंत सगळे सज्ज झाले, आणि २८ डिसेंबरला सभा भरली. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले. पुण्याच्या हातून मान गेला म्हणून हळहळणारे आजही भेटतात. आमचे मत निराळे आहे. पुणेकरांनी त्या आठवड्यात जे केले ते सभा भरवण्यापेक्षा कठीण होते. नऊ महिने मांडलेला पसारा आवरून, ‘येथे येऊ नका, तेथे जा’ हा निरोप वाटेवरच्या आणि निघायच्या बेतात असलेल्या माणसांपर्यंत पोचला पाहिजे होता, आणि तो पोचला.

कसा पोचला असेल, याचा विचार नकाशा पुढे घेऊन करावा. तारायंत्र होते, लोहमार्ग होता. मद्रासहून येणारी गाडी रायचूर, सोलापूर, पुणे अशीच मुंबईला जाते. म्हणजे मद्रासकराला उतरण्याऐवजी पुढे बसून राहायचे होते. कलकत्त्याहून येणारा जबलपूर, भुसावळवरून कल्याणला येणार. त्याला पुण्यासाठी वाट बदलावी लागली असती, ती आता बदलायची नव्हती. जागा बदलताना मुंबईच निवडली गेली त्यात मुंबईकरांची तत्परता होतीच, पण सगळ्यांच्या वाटा आधीच तिकडे जात होत्या, हेही एक कारण असले पाहिजे. निरोप चुकला तरी माणूस फार चुकणार नाही अशी जागा निवडणे, ही नियोजनातली मोठी खुबी आहे.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. त्याच डिसेंबरात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची राष्ट्रीय परिषद कलकत्त्यात भरत होती. दोन्ही सभा राष्ट्राच्या, दोहोंचे हेतू जवळजवळ एक, आणि तारखा भिडलेल्या. व्योमेशचंद्रांनी सुरेंद्रनाथांना मुंबईस यायचे निमंत्रण दिले, तेव्हा आपली परिषद आता थांबवता येण्याची वेळ निघून गेली आहे आणि तिचा बराच भार आपल्यावर असल्यामुळे कलकत्ता सोडता येत नाही, असे त्यांनी सांगितले. त्या काळचा देशातला सर्वांत मोठा वक्ता काँग्रेसच्या पहिल्या बैठकीला नव्हता, याचे एक कारण एवढे साधे आहे. पुढच्या वर्षी काँग्रेस कलकत्त्यासच भरली आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले, म्हणून ते निभावले.

आणखी एक गोष्ट त्या परिपत्रकात आहे. ती आम्हांला टोचते आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. प्रतिनिधी कसे असावेत? तर इंग्रजी उत्तम जाणणारे. कारण उघड आहे. मद्रासचा आणि पंजाबचा माणूस बोलणार कोणत्या भाषेत? परंतु ज्या सार्वजनिक सभेकडे यजमानपद होते, तिने १८७० साली स्थापनेच्या वेळी काय केले होते, ते पाहा. सभेच्या सभासदाला पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांची संमती, असा तिचा पाया होता. त्या सहा हजारांत इंग्रजी जाणणारे किती असतील? पंधरा वर्षांत, सह्या करून देणाऱ्या माणसाला खुद्द आत यायचे झाले तर दार बंद, अशी अवस्था आली. हा दोष कोणा एकाचा नव्हे. सभा मोठी झाली की भाषा आकुंचन पावते, हे आम्ही आजही पाहतो.

उद्योग आणि कलाकौशल्य यांच्यासाठीही राष्ट्रीय परिषदा निघाल्या. न्यायमूर्ती रानडे, ज्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली आणि ज्यांच्यामुळे आपण आज येथे उन्हाळ्यात घाम पुसत बसलो आहोत, त्यांनीच १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. पुढे १९०५ साली बनारसला अखिल भारतीय औद्योगिक परिषद सुरू झाली, रमेशचंद्र दत्त अध्यक्ष. ती काँग्रेसच्या अधिवेशनाला लागून भरे. माणसे तिकडे येणारच, तर रेल्वेचे भाडे एकदाच पडावे. या परिषदेचे चिटणीसपद कोणाकडे होते? अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांच्याकडे. परिषद एका वर्षी बनारसला, एका वर्षी कलकत्त्याला, एका वर्षी सुरतेला. पण तिचे अहवाल छापून निघत ते अमरावतीहून. वऱ्हाडातला एक वकील आपल्या गावी बसून साऱ्या देशाच्या उद्योगधंद्यांचा पत्रव्यवहार सांभाळतो, ही गोष्ट आम्हांला त्या परिषदांतल्या भाषणांपेक्षाही मोलाची वाटते. मुधोळकर १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले, म्हणून त्यांचे नाव राहिले. केवळ चिटणीस राहिले असते, तर कोणी आठवण काढली असती की नाही, शंकाच आहे.

विज्ञान काँग्रेस पुण्यानेही पाहिली, त्यांतली दोन वर्षे आमच्या डोळ्यांपुढे येतात. १९५० च्या जानेवारीत महालनोबीस अध्यक्ष होते आणि त्याच दिवसांत, ३ जानेवारीला, पंडित नेहरूंनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‍घाटन केले. २००० च्या जानेवारीत डॉ. रघुनाथ माशेलकर अध्यक्ष होते. मोठे सोहळे, पण येथे बसलेल्या आपणा कोणाला त्यांचे बोलावणे आले नव्हते, तेव्हा ते तेथेच ठेवू.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण तीत आमचीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात अशीच एक राष्ट्रीय परिषद भरायची होती. कोणाची ते सांगत नाही. नावाने काही फरक पडत नाही. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून नवे काही करणारी माणसे शोधून त्यांच्याशी संपर्क ठेवायचे काम आम्हांकडे आले. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण आमच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे, क्षमा असावी. आम्ही चौघे मिळून दोन महिने हिंडलो. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, भाटघरच्या फुगवट्यापलीकडची गावे, तोरण्याच्या पायथ्याची गावे, केळदपर्यंत. सात माणसे निवडली. त्यांत आंबेमोहोराची जुनी वाणे दरवर्षी थोडथोडी पेरून बियाणे जिवंत ठेवणाऱ्या एक आजीबाई होत्या. भोरमध्ये लेथवर काम करणारा एक तरुण होता. आणि तोरण्याच्या बाजूच्या एका वाडीतले एक आबा होते. आबांचे नाव सांगत नाही.

आबांची शक्कल अशी. त्यांचे खळे डोंगराच्या कुशीत. मळणी झाली की उफणायला वारा लागतो, आणि वारा त्यांच्या खळ्याकडे मनात येईल तेव्हा येतो. वावडीवर सूप घेऊन उभे राहायचे आणि वाऱ्याची वाट पाहायची. आबांनी एक जुनी सायकल उलटी केली, मागच्या चाकाला पत्र्याची पाती बसवली, पायडल हाताने फिरवायचे, आणि पुढे पोत्याचे कापड ताणून वाऱ्याला तोंड करून दिले. असे पंखे दुकानातही मिळतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आबांनी पात्यांना जो कल दिला होता त्यामुळे पळींज एका बाजूला आणि भुसा दुसऱ्या बाजूला पडे, आणि भरलेले भात पायाशी राही. हे दुकानातल्या पंख्यात आम्ही पाहिले नाही. अभियंत्यांनी ते पाहावे अशी आमची फार इच्छा होती.

परिषदेकडून कागद आले ते इंग्रजीत. प्रत्येकाने तीनशे शब्दांत आपल्या कामाचा गोषवारा पाठवावा, पूर्वी कोणी असे काम केले आहे काय त्याचे संदर्भ द्यावेत, भित्तिपत्रकाची लांबी-रुंदी अमुक असावी. आम्ही सातही गोषवारे लिहिले. आजीबाईंना ‘संदर्भ’ म्हणजे काय ते समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या सासूनं दिलं बियाणं, तिचं नाव लिहा की.” आम्ही ते लिहिले नाही. लिहायला पाहिजे होते, असे आता वाटते.

परिषद डिसेंबरातल्या एका सोमवारी सुरू व्हायची होती. आधीच्या गुरुवारी संध्याकाळी ईमेल आले की, सभागृह दुसऱ्या एका समारंभासाठी लागणार असल्यामुळे परिषद जानेवारीत ढकलली आहे. झाले. आम्ही लगेच व्हॉट्सॲपवर सातही जणांना मजकूर पाठवला. सहा उत्तरे आली. कोणी ‘ठीक आहे’ लिहिले, कोणी अंगठा दाखवला. सातव्याच्या नावापुढे एकच बारीक खूण राहिली. म्हणजे निरोप आमच्याकडून सुटला, तिकडे पोचला नाही. आम्हांला ती दिसली होती. आबांच्या वाडीत फोन लागत नाही, खिंडीत चढून आल्यावर लागतो, हेही आम्हांला ठाऊक होते. कधीतरी खिंडीत येतील, तेव्हा मिळेल, असे आम्ही मनाशी म्हटले आणि झोपलो.

आबा खिंडीत आले ते रविवारी, पंखा घेऊन. एका जीपवाल्याने तो वर बांधला. खिंडीत फोन वाजला असेलही, पण गाडीत तो कोण काढून पाहतो? नसरापुरला टेम्पो केला. रात्री धनकवडीला भाचीकडे राहिले आणि सोमवारी सकाळी पुन्हा टेम्पो करून फाटकाशी हजर झाले. तेथून त्यांनी आम्हांला फोन केला.

“गुरुजी, हितं तर कुणीच न्हाई. फाटकावरचा शिपाई म्हनतोय, परिषद म्होरल्या महिन्यात हाय. आसं कसं?”

आम्ही काय बोललो ते आठवत नाही. भोरहून निघून पुण्यास पोचेपर्यंत ते परतीच्या वाटेला लागले होते. आठ दिवसांनी आम्ही वाडीवर गेलो. आबा खळ्यावरच होते. रागावले नव्हते, रागावले असते तर बरे झाले असते. घरातून कोरा चहा आला. टेम्पोच्या भाड्याचे पैसे आम्ही पुढे केले, ते त्यांनी परत आमच्या खिशात घातले. मग आम्ही निरोप पाठवला होता, फोन लागत नव्हता, असे सांगू लागलो. ते सगळे ऐकून घेऊन म्हणाले,

“तुमी धाडला आसंल, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर मला मिळालाच न्हाई, तर मंग धाडला म्हंजी काय?”

जानेवारीत या, अशी आम्ही गळ घातली. त्यावर त्यांचे उत्तर असे की, “आता भात कुठाय दाखवायला? पंखा नुसता फिरवून दाखवू का?” ते आले नाहीत. बाकीचे सहा जण गेले. लेथवाल्या तरुणाची एका कारखानदाराशी ओळख झाली, ते बरे झाले. आबांची जागा रिकामी राहिली. टेबलावर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती, ती आम्ही उचलून आणली.

त्या दिवसापासून १८८५ ची गोष्ट आम्हांला निराळी दिसू लागली. पटकीच्या भीतीने सभा हलली आणि बहात्तर माणसे योग्य ठिकाणी पोचली. आमच्याजवळ क्षणात कलकत्त्याला निरोप जाईल अशी साधने होती, आणि चाळीस-पन्नास मैलांत सातांपैकी एक माणूस चुकला. यात साधनांचा दोष नाही. तार देणाऱ्याला ठाऊक असे की, तार पुढे एका माणसाच्या हातात पडणार आणि तो शिपाई ती घरी नेऊन देणार. निरोपाच्या शेवटच्या टप्प्याला माणूस होता. आम्ही तो टप्पा यंत्रावर सोडला. आपल्या भाटघरच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते आपोआप उघडतात, कोणाला बोलवावे लागत नाही. परिषदेचे काम त्या दरवाजांसारखे चालेल असे समजणे ही आमची चूक.

दुसरी गोष्ट तारखेची. १८८५ ला नाताळ का निवडला? प्रतिनिधींत वकील फार, आणि कोर्टे त्या दिवसांत बंद. म्हणजे येणाऱ्या माणसाचे काम कधी बंद असते ते पाहून तारीख ठरली. आजच्या परिषदेची तारीख ठरते ती सभागृह कधी रिकामे आहे यावरून. मावळातल्या भातशेतकऱ्याला आषाढात लावणीतून डोके वर काढता येत नाही, आणि त्याची जी काही शक्कल आहे ती कार्तिक-मार्गशीर्षात खळ्यावरच दिसते. तिला जानेवारीत वातानुकूलित दालनात उभी केली तर ती भंगार दिसणार. जागेचेही तसेच. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसने पहिल्यांदा खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला, अधिवेशन भरवले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहाने नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्ट्या यांनी सारे नगर सजवले, आणि खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले. बांबूकाम पाहायला दिल्लीस जावे लागले नाही. जेथे बांबूकाम करणारे हात होते तेथे दिल्ली-मुंबईची माणसे आली. हाल पुष्कळ झाले असतील. पण शक्कल पाहायची तर तिच्या घरी जावे, हे त्यातून दिसले.

हे तत्त्व पुढे काहींनी पद्धतशीर चालवले. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी ‘हनी बी’ म्हणजे मधमाशी या नावाचे जाळे विणायला सुरुवात केली, आणि १९९८ पासून ते शोधयात्रा काढू लागले. उन्हाळ्यात उष्ण मुलखात, हिवाळ्यात थंड मुलखात, पायी, गावोगाव विचारत. मधमाशी का? ती मध गोळा करते, पण फुलाचे काही हिरावून घेत नाही, आणि एका फुलाचा दुसऱ्याशी संबंध जोडते. ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याचे नाव द्यायचे, आणि ती माहिती त्याच्या भाषेत त्याला परत करायची, हा त्यांचा नियम. त्यातून २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ डॉ. माशेलकरांनी सांभाळले. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ नांदेड फकिरी गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, जपल्या, आणि त्यातून निवडीने जे भात तयार केले ते ‘एचएमटी’ या नावाने दूरदूरच्या राज्यांत पोचले. भात आधी गेले. दादाजींचे नाव मागून, फार उशिरा गेले. २००५ साली राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला तो या प्रतिष्ठानमुळे. २०१८ साली ते वारले. बियाणे हातोहात जाते, त्याला निमंत्रणपत्रिका लागत नाही. माणसाला लागते.

मग आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. आम्ही एक साधी वही घातली आहे, दोनशे पानी. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि फोन तर आहेच, पण तिसरा रकाना ‘निरोप कोणाकडून’ असा आहे. तो भरताना आम्हांला या दोन तालुक्यांची नवीच ओळख झाली. कोणाकडे मुक्कामी एस.टी.चा वाहक निरोप नेतो. कोणाकडे सकाळची दुधाची गाडी. कोणाकडे आशाताई, कोणाकडे पिग्मी गोळा करणारा, कोणाकडे रेशनचे दुकान. भाटघरच्या पाण्यापलीकडे एका गावात लाँचवाल्याशिवाय दुसरा उपाय नाही. चौथ्या रकान्यात ‘पोचला’ अशी खूण करायची, आणि ती उत्तर प्रत्यक्ष कानांनी ऐकल्यावाचून करायची नाही. पाचवा रकाना काम कोणत्या महिन्यात दिसते याचा. आजपर्यंत त्रेचाळीस नावे झाली आहेत. पुण्यातल्या एका संस्थेने येत्या मार्गशीर्षात दोन दिवस आपल्याकडे येऊन खळ्यावरच सारे पाहायचे कबूल केले आहे. पत्रिका मराठीत असेल, आणि संदर्भाच्या जागी सासूचे नाव चालेल, असे आम्ही त्यांच्याकडून लिहून घेतले आहे.

वही आज दाराशी टेबलावर ठेवली आहे. आपल्या माहितीत कोणी असेल तर जाताना नाव लिहावे. तिसरा रकाना मोकळा सोडू नये एवढी विनंती. पहिल्या पानावर पहिले नाव आबांचे आहे. त्यांचा निरोप वेल्ह्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या मुक्कामी गाडीने जातो. परवा आम्ही तारीख कळवली, आणि काल सकाळी वाहकाने उत्तर आणले की, पंखा तयार आहे, पण येणाऱ्यांनी दुपारच्या आत यावे, दुपारनंतर खळ्यावर खरा वारा सुटतो आणि मग पंख्याची गंमत कळत नाही.